पाहुण्यांचा माठ

भातकुलीच्या पुढं पूर्णेच्या अंगानं गेलं की खारपाणपट्टा लागतो. जमीन काळीभोर, कापूस-तूर बघत राहावी अशी, पण खणाल तिथं पाणी खारं. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, फरक नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहा फाटतो. नळाचा पाइप गावोगाव आलेला आहे, त्यातून पाणी तेवढं यायचं राहिलं आहे. अशाच एका गावात पार्बताबाई राहते. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर लोक तिथली बाग बघायला जातील, आणि ते पुण्य मला नको आहे.

पार्बताबाईच्या घरात दोन माठ. मोठा घरच्यांचा, आणि कोनाड्यातला लहान, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, तो पाहुण्यांचा. विहिरीवरून गोड्या पाण्याचा पहिला गुंड, म्हणजे मोठा हंडा, आला की तो आधी लहान माठात रिकामा व्हायचा. उरलेल्यातून डाळ शिजायची आणि घरचे प्यायचे. वैशाखात पाणी कमी पडलं की घरच्या माठात खारं मिसळायचं, पाहुण्यांच्या माठात कधीच नाही. पाहुण्याला खारं पाणी देणं म्हणजे त्याला दारातूनच परत जा म्हणणं, असं या भागात मानतात. पार्बताबाईनं लग्न झाल्यापासून बेचाळीस वर्षांत ते पाप एकदाही केलं नव्हतं.

गोडं पाणी यायचं कुठून, तर गावामागच्या ई-क्लास जमिनीतून. ई-क्लास म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन, नव्वद एकर. तिच्या मधोमध, हिवराच्या झाडांआड, एक जुनी विहीर होती. पावसाचं पाणी मुरून तिच्यात वर साठायचं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तसंच राहायचं, दुधावर साय राहते तसं. म्हणून तिचे नियम होते. दोरीनं काढायचं, बादली तोंडावरच भरायची, तळाला सोडायची नाही. घरामागं रोजचे दोन गुंड, चैत्रापासून एकच. मोटार तर विषयच नाही. एकदा, त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, एका बड्या घरच्या लग्नाला तीन तास इंजिन लावलं होतं. पाणी जोरानं ओढल्यावर खालचं खारं वर आलं आणि पुढचे दोन पावसाळे विहीर सुधारली नाही; तेव्हा पाहुण्यांपुरतं पाणी पार्बताबाईनं परगावाहून डोक्यावर आणलं. त्या घरातल्या लोकांशी गाव अजून मोजकंच बोलतं.

नियम पाळले जातात की नाही हे बघणं पिढ्यान्‌पिढ्या या घरातल्या सुनेकडं असायचं, आणि आता ते पार्बताबाईकडं होतं. सासूनं तिला विहिरीवर नेऊन चव घ्यायला शिकवली होती. दर अमावास्येला सकाळी ओंजळभर पाणी तोंडात धरायचं, जिभेच्या कडेला काय लागतं ते बघायचं आणि गावाला सांगायचं. तिनं एक गुंड म्हटलं की सरपंचाच्या घरीही एकच गुंड. या कामाचा पगार नाही, पाटी नाही, कागद नाही. शिकली ती चौथीपर्यंत. पण विहिरीवर तिच्या शब्दाला वजन होतं, आणि हे तिला माहीत होतं. थोडा तोराही होता. नवरा रामराव म्हणायचा, "हिची जीभ सरकारी हाये, तिच्यावर ठसा मारला पाह्यजे."

चार वर्षांपूर्वी त्या नव्वद एकरांवर फळाफुलांच्या प्रदर्शनाचं मोठं उद्यान करायचं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका, अशा गोष्टी ठरतात. सात ठिकाणी बोअर मारून पाहिले, सातही खारे निघाले. साहेब लोक कंटाळले. उद्यान अकोल्याकडं, पातूरच्या बाजूला न्यायचं बोलणं सुरू झालं. अशात मार्चच्या एका दुपारी सरपंच चंद्रभान एका मुलीला घेऊन पार्बताबाईच्या ओसरीवर आला. मुलगी अमरावतीची, वकिलाच्या घरातली, नाव जुईली. उद्यानाचा आराखडा तिच्याकडं होता आणि शेवटचं एकदा जागा बघून नकार लिहायला ती आली होती. उन्हानं तोंड लाल झालं होतं.

पार्बताबाईनं काय केलं? जे कोणत्याही पाहुण्यासाठी केलं असतं तेच. कोनाड्यातल्या माठाचं फडकं सोडलं आणि गिलास भरून दिला.

जुईलीनं एका दमात तो संपवला आणि रिकाम्या गिलासात बघत राहिली. "मावशी, हे पाणी कुठलं?"

चंद्रभान खाकरला. रामरावानं आतून हाक मारली. विहिरीचं नाव काढू नको, ही खूण कळायला पार्बताबाई काही दुधखुळी नव्हती. पण समोरची पोरगी आपल्या पाण्याचं कौतुक करत होती, आणि बेचाळीस वर्षांत त्या पाण्याविषयी असं कुणी विचारलंच नव्हतं. गावातले पीत होते, पाहुणे पिऊन जात होते. तिला बरं वाटलं, आणि ती बोलून गेली.

"चाल, दाखोते."

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं घडलं. विहीर सात-बारावर नव्हती, सरकारी नकाशावर नव्हती. ती त्या दिवशी जुईलीच्या वहीत चढली.

आता जुईलीविषयी खोटं कशाला सांगायचं? मुलगी चांगली होती. उद्यान रद्द झालं नाही, पण तिनं ते वेगळंच मांडलं. दर शनिवारी ती यायची, पार्बताबाईबरोबर माळ तुडवायची आणि विचारायची. पाणी कुठून उतरतं, कुठं थांबतं, कुठली जमीन खारानं चोपण होऊन घट्ट बसते, कुठं भेग हातभर पडते. कोणतं गवत गुरं आधी खातात. पार्बताबाई दाखवायची आणि ती लिहायची. काळ्या मातीत सिमेंटची वाट फुटते म्हणून वाटा मुरुमाच्या ठरल्या. परदेशी फुलझाडांऐवजी हंगामाप्रमाणं अंबाडी, जवस आणि करडईचे पट्टे ठरले, म्हणजे पिवळं, निळं, केशरी. झाडं हिवर, बाभूळ, बोर, चिंच. हिरवळ नाहीच, पवना आणि मारवेलचं गवत. विहिरीच्या वरच्या अंगाला तीन उथळ तळी, म्हणजे पावसाचं पाणी सावकाश मुरून विहिरीला पोचेल. अशी बाग, जिला एकदा झाडं धरली की वरून पाण्याचा थेंब लागू नये.

मोठा आराखडा तयार झाला तेव्हा जुईलीनं त्याची एक प्रत आणून ओसरीवर पसरली. पार्बताबाई बोट फिरवत तळी, वाटा, गवत ओळखत गेली आणि मधल्या एका पांढऱ्या गोलावर थांबली.

"अथी तं काहीच नाई काढलं व."

"ती विहीर आहे, मावशी. तिच्याभोवती पाच एकर काहीच करायचं नाही. म्हणून कोरं ठेवलंय."

पार्बताबाईनं ती प्रत भिंतीवर लावून घेतली. कोपऱ्यात जुईलीची सही होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. त्या दिवशी जेवताना पार्बताबाई पाहुण्यांच्या माठाकडं निघाली, तर जुईलीनं तिचा हात धरला. "मावशी, मी आता पाहुणी आहे का? घरचीच ना मी? घरच्या माठातलं दे." दिवस वैशाखाचे, घरच्या माठात निम्मं खारं. तोंड वाकडं न करता ती प्यायली. पार्बताबाईला मुलगी नव्हती. त्या दिवसापासून होती.

जमीन द्यायची तर ग्रामसभेचा ठराव हवा होता. सभा देवळापुढं भरली. लोक कुरकुरत होते. शेवटी देवमन उठला. देवमन म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, लग्नातल्या त्या इंजिनाला सगळ्यात आधी आडवा गेलेला. त्यानं एवढंच विचारलं, "इहिरीचं काय?"

जुईली म्हणाली, विहिरीवर मोटार बसणार नाही, आराखड्यातच तसं लिहिलं आहे. लोक तिच्याकडं बघत होते, पण ऐकत नव्हते. शहरातल्या माणसाचं बोलणं ते नुसतं बघतात. मग बायकांच्या बाजूनं पार्बताबाई उभी राहिली.

"पोरगी माह्या घरची हाये. तिचा शब्द तो माहा शब्द. इहिरीवर मोटार बसली तं मले येऊन बोलजा."

ठराव मंजूर झाला. देवमननंही हात वर केला, विहिरीसाठी नाही, पार्बताबाईसाठी.

पहिली दोन वर्षं खरंच चांगली गेली. तळी खोदली, पहिल्याच पावसात भरली, आणि त्या दिवाळीत विहिरीचं पाणी दोन हात वर चढलं. चैत्रातही दोन गुंड मिळाले, असं कधी झालं नव्हतं. जुईलीला त्या आराखड्याबद्दल दिल्लीत बक्षीस मिळालं. मोबाइलवर तिनं फोटो दाखवले. एका फोटोत पार्बताबाई गवताचं बी झोडपत बसलेली होती. पार्बताबाईनं तो फोटो गावभर दाखवला आणि बायकांनी तिची भरपूर चेष्टा केली.

मग प्रदर्शनाची तारीख ठरली, जानेवारीतली. आणि ज्यांनी आराखड्याला टाळ्या वाजवल्या होत्या तेच साहेब लोक नोव्हेंबरात जागा बघायला आले आणि नाराज झाले. झाडं कंबरेएवढी. गवत वाळून सोनेरी झालेलं, जसं त्या दिवसांत होतंच. वाळलेलं गवत बघायला पाहुणे येतील का? अमरावती जिल्ह्याचं फळप्रदर्शन आणि संत्र्याचं एक झाड नाही? संत्रं खारपाणपट्ट्यात का लावत नाहीत हे त्यांना शाळकरी मुलानंही सांगितलं असतं. पण विचारायला ते आलेच नव्हते.

जुईलीचे शनिवार थांबले. पार्बताबाईनं फोन लावले, ते उचलले गेले नाहीत. "कामात असन," ती म्हणायची. डिसेंबरात ट्रकांमधून हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या, चटया याव्यात तशा, आणि पवन्याचं गवत नांगरून त्यावर अंथरल्या. पाठोपाठ फळांसकट मोठी संत्र्याची झाडं आली. कारंज्यांचे पाइप आले. मग गुरांमागं गेलेला कुणीतरी सांगत आला की हिवराच्या झाडांत, विहिरीला लागून, पत्र्याची खोली उभी राहिली आहे आणि तिला कुलूप आहे.

रामराव म्हणाला, "तुह्या पोरीनं केसानं गळा कापला."

पार्बताबाई त्याच्यावर अशी उसळली की शेजारच्या बाया ओट्यावर आल्या. पोरीला हे माहीतच नसेल. तिच्या पाठीमागं ठेकेदारानं केलं असेल. तिचा शब्द आहे. पार्बताबाई दोन दिवस रामरावाशी बोलली नाही, आणि त्या दोन दिवसांत गावात जो भेटेल त्याला हेच सांगत सुटली की जुईलीला कळलं की ती येऊन कुलूप तोडेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरची प्रत उतरवून, गुंडाळी काखेत मारून ती एकटी माळावर गेली. पत्र्याच्या खोलीतून घरघर ऐकू येत होती. ठेकेदाराचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. माणूस उद्धट नव्हता. तिनं आपला नकाशा उलगडला आणि पांढऱ्या गोलावर बोट ठेवलं. "हे पाय. अथी काई करायचं नाई, असं लेयलं हाये. तिनं लेयलं हाये."

"मावशी, तो जुना झाला," तो म्हणाला आणि त्यानं पत्र्यावर चिकटवलेला नवा कागद दाखवला.

तीच तळी, त्याच वाटा. पांढऱ्या गोलात आता एक निळा चौकोन होता आणि त्यातून निळ्या रेघा सगळीकडं गेल्या होत्या, हिरवळीला, संत्र्यांना, कारंज्यांना. खाली तारीख होती आणि सही होती. पार्बताबाईनं आपला कागद त्या सहीशेजारी धरला. शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच लांब होती.

ती बराच वेळ तिथं उभी राहिली. ठेकेदाराच्या माणसानं खुर्ची दिली, ती बसली नाही. तिला रडू आलं नाही, राग आला. आधी जुईलीचा आला, मग स्वतःचा. विहीर कुणी दाखवली? ठराव कुणी करवून घेतला? दोन दिवस गावभर कुणाची वकिली केली? तोंडघशी पडणं काय असतं ते तिला त्या सकाळी कळलं, आणि ते त्रेसष्टाव्या वर्षी कळलं, हे आणखी वाईट होतं.

मोटार रोज चालली. अमावास्येपर्यंत थांबायची गरजच पडली नाही. अकराव्या दिवशी रामरावानं पहिला घोट घेतला आणि गिलास तसाच खाली ठेवला. पार्बताबाईनं ओंजळ तोंडात धरली. जिभेच्या कडेला कशाला, घशापर्यंत खारं लागलं.

गावानं तिला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं होतं. तीच म्हणाली होती, येऊन बोलजा. पण कुणी आलं नाही. बायका विहिरीवर जायच्या थांबल्या, तिच्या ओट्यावर थांबायच्याही थांबल्या. चंद्रभान सरपंच तिला बघून गल्ली बदलू लागला, कारण ठरावावर त्याचीही सही होती. एकटा देवमन काठी टेकत आला, ओसरीवर बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "बाई, तू बोलली होती म्हून मी हात वर केला." आणि तंबाखू न खाताच उठून गेला.

पाहुण्यांच्या माठात त्या वेळी चार-पाच गिलास गोडं पाणी उरलं होतं, मोटारीच्या आधीचं. पार्बताबाईनं त्याचं फडकं घट्ट बांधलं आणि घरातल्या कुणाला हात लावू दिला नाही.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, दारात पांढरी गाडी थांबली. जुईली उतरली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. मागोमाग तिचा चालक कुंदन, हिवरखेडचा पोरगा, हातात पिशव्या घेऊन आला. एकीत साडी आणि शाल, दुसरीत मिठाई. जुईलीनं वाकून नमस्कार केला. पार्बताबाईनं पाय मागं घेतले नाहीत, पण आशीर्वादाचा हातही ठेवला नाही.

"मावशी, उद्घाटनाला तुझा सत्कार आहे. स्टेजवर. जलरक्षक म्हणून. मी मागं लागून तुझं नाव घातलंय."

रामराव हसला. त्याच्या हसण्याचा आवाज फार वाईट आला.

"मोटार तू बसोली?" पार्बताबाईनं विचारलं.

जुईलीनं खाली बघितलं. "मी तीन बैठकांत भांडले. खरंच भांडले, मावशी. ते ऐकत नव्हते. मी सही केली नसती तर मला काढून दुसऱ्याकडून करून घेतली असती."

"मंग दुसऱ्याकून करू द्याची होती."

"प्रदर्शन झालं की मोटार काढायला लावते. दोन-तीन पावसाळ्यांत पाणी परत गोड होईल. तूच म्हणाली होतीस, त्र्याण्णव साली झालं होतं."

"ते तीन घंटे चाललं होतं, माय. हे महिना होऊन राह्यला."

जुईलीनं ओढणीनं तोंड पुसलं. कुंदन बिचारा उंबऱ्याशी अवघडून उभा होता. पार्बताबाईनं त्याच्याकडं बघितलं. "बस बापू. उन्हातून आला. पाणी घे."

ती आत गेली. दोन गिलास घेतले, सारखेच, स्टीलचे. कोनाड्यापुढं ती क्षणभर थांबली. मग एक गिलास पाहुण्यांच्या माठातून भरला, दुसरा मोठ्या माठातून, आणि दोन्ही एकाच ताटलीत ठेवून बाहेर आली. एक कुंदनला दिला. एक जुईलीच्या हातात दिला.

कुंदननं घटाघटा पिऊन गिलास खाली ठेवला. "काकू, पाणी लय गोड हाये. आमच्या हिवरखेडलेही असं नाई."

जुईलीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. पाणी वाचलंय, विहीर वाचलीय, असंच तिला वाटलं असणार. तिनं मोठा घोट घेतला. आणि तो तिला गिळता येईना. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, अशी ती पार्बताबाईकडं बघत राहिली. कसाबसा घोट उतरला.

"मावशी, हे..."

"तो पाहुणा हाये, त्याले पाहुण्याचं देलं," पार्बताबाई म्हणाली. "तू तं घरची ना व. घरचे आता हेच पेतात."

तिनं साडी-शालीची पिशवी उचलून कुंदनच्या हातात परत दिली. कोपऱ्यातली नकाशाची गुंडाळीही त्यातच खोचली. जुईली गिलास हातात धरून तशीच बसली होती. ठेवावा की संपवावा हे तिला ठरवता येत नव्हतं. पार्बताबाई तिच्यासाठी थांबली नाही. आत कुकरच्या सात शिट्ट्या होऊन गेल्या होत्या. तिनं झाकण काढलं, तुरीचा एक दाणा बोटांत धरून दाबला. तो कच्चाच होता. तिनं पुन्हा झाकण लावलं आणि गॅस मोठा केला.